कोसमटोल्याचा तलाव (संदर्भ हवा)

ब्रह्मपुरीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवणाऱ्या भूपेश मेश्राम सरांना तोंडावर मूर्ख म्हणायची हिंमत आजवर कोणी केली नव्हती. घरी त्यांची बायको स्वाती अधूनमधून म्हणायची, पण संसारातलं बोलणं कोणी मनावर घेत नाही. दोन हजार आठच्या उन्हाळ्यात मात्र त्यांना एका पाणकोंबड्यानं मूर्ख म्हटलं. तेही लेखी. तेही साऱ्या जगातल्या मराठी माणसांना वाचता येईल अशा जागी. वर त्यानं तो शब्द 'मुरख' असा लिहिला होता, आणि खरं सांगायचं तर सरांना शिवीपेक्षा शुद्धलेखनच जास्त लागलं.

झालं असं की परीक्षा आटोपल्या होत्या, पेपर तपासून झाले होते आणि ऊन असं पडलं होतं की रस्त्यावरची कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसली होती. बसस्टँडजवळ डिंपलचं इंटरनेट कॅफे होतं आणि तिथे मोठा कूलर होता. सर तिथे कूलरसाठी जायला लागले, असं स्वातीचं म्हणणं. आपण ज्ञानासाठी गेलो, असं सरांचं म्हणणं. ते काही असो, तिथे त्यांना शोध लागला की इंटरनेटवर मराठीत एक ज्ञानकोश आहे आणि तो कोणीही लिहू शकतं. कोणीही! सर आधी घाबरलेच. ज्ञानकोश म्हणजे काचेच्या कपाटातले जाडजूड खंड, त्याला हात लावायचा तर ग्रंथपालाची परवानगी, अशी त्यांची समजूत. इथे तर 'संपादन' या शब्दावर टिचकी मारली की झालं.

त्यांनी त्यात ब्रह्मपुरी शोधली, सापडली. वैनगंगा सापडली. धानोरासुद्धा सापडलं, दोन ओळींचं का होईना. मग त्यांनी आपल्या गावचा, कोसमटोल्याचा तलाव शोधला. नव्हता.

आता हा तलाव नाही म्हणजे काय? ज्याच्या पाण्यावर गावाचा धान पिकतो, ज्यात सरांचे बाप-आजे जाळं टाकत आले, ज्यात लहानपणी खुद्द सर बुडता बुडता वाचले, तो तलाव जगाच्या ज्ञानात नाही? सरांनी बाह्या सरसावल्या (शर्ट अर्ध्या बाह्यांचा होता, तरीही) आणि लिहिलं: 'कोसमटोल्याचा तलाव हा एक विशाल, निसर्गरम्य व ऐतिहासिक तलाव असून तो कोसमटोला या गावी आहे. तो पूर्वजांनी बांधला. यातील मरळ मासा सर्वदूर प्रसिद्ध आहे.' एवढं टंकायला सबंध दुपार गेली. स्वतःचं नाव न देता त्यांनी 'भूमिपुत्र' असं नाव घेतलं आणि डिंपलकडून त्याच्या छापील प्रती काढल्या.

इथे सरांनी एक हुशारी केली. लेख आपण लिहिला, हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं तर त्याला वजन राहिलं नसतं. "पाहा बरं, इंटरनेटवर काय आलं आहे ते," असं नवलानं म्हणत ते प्रती वाटत गेले. किराणा दुकानदारानं एक प्रत भिंतीवर चिकटवली. एक प्रत कोसमटोल्याला मोठ्या भावाकडे, डोमाभाऊकडे गेली. डोमाभाऊ तिथल्या मासेमार संस्थेत होता. त्यानं ती प्लॅस्टिकमध्ये घालून संस्थेच्या खोलीत टांगली. कंप्युटरनं आपल्या तलावाचं नाव घेतलं, ही बातमी गावभर झाली.

दोन-तीन दिवसांनी सरांनी मोठ्या प्रेमानं लेख उघडला, तर तलाव धामनपारला गेलेला.

धामनपार हे पल्याडचं गाव. तलाव दोन गावांच्या मधोमध. पाळ कोसमटोल्याच्या अंगाला, पाण्याचा पसारा धामनपारच्या अंगाला. दोन्ही गावचे मासेमार त्यात पिढ्यानपिढ्या आलटून पालटून जाळं टाकत आले, कधी तंटा नाही. पण नावाचा विषय निघाला की कोसमटोल्याचा माणूस म्हणणार, पाळीशिवाय तलाव कसला, ते तर डबकं. धामनपारचा माणूस म्हणणार, पाण्याशिवाय तलाव कसला, ती तर मातीची भिंत.

लेखात आता असं होतं: 'धामनपारचा तलाव हा धामनपार येथील प्राचीन तलाव असून शेजारच्या कोसमटोला या वस्तीतील लोकही त्याचा वापर करतात.' लिहिणाऱ्याचं नाव 'पाणकोंबडा'. आणि खाली शेरा: 'मुरख माणसाने चुक केली होती. दुरुस्त केली.'

"वस्ती!" सर खुर्चीतून उठलेच. "वस्ती म्हणते हा! आमच्या गावात दवाखाना आहे!"

गल्ल्यावर भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलेली डिंपल म्हणाली, "सर, हळू बोला. लोकं अभ्यास करून राह्यले." डिंपल तिशीची, कामाला चोख. तिची खुर्ची अशी मांडलेली होती की कॅफेतले सगळे पडदे तिला बसल्या जागी दिसायचे, आणि त्यातल्या कशाचंच तिला नवल वाटायचं नाही.

सरांनी बदल उलटवला. दुसऱ्या दिवशी पाणकोंबड्यानं सरांचा उलटवला. तलाव सकाळी कोसमटोल्याला असायचा, तिसऱ्या प्रहरी धामनपारला जायचा आणि दिवेलागणीला परत यायचा. एवढी ये-जा तर त्या मार्गावरची एसटीसुद्धा करत नव्हती.

शेजारचे इसरूभाऊ पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे त्या वर्षी कोणत्याही दुखण्यावर एकच औषध होतं. "माहितीच्या अधिकारात टाकून देजा," ते म्हणाले. "हा पाणकोंबडा कोण हाय, कुठी राह्यते, लेखी मांगा. तीस दिवसात सांगाच लागते त्याले."

"कोणाला मागू, भाऊ? त्याचं ऑफिस कुठे आहे?"

"हेच पहिले इचारा," इसरूभाऊ म्हणाले आणि समाधानानं निघून गेले.

स्वातीनं वेगळाच प्रश्न केला. "मी काय म्हंते, त्या तलावाले माहीत हाय का, का आपण इंटरनेटवर हाओ म्हणून?" सर चपला घालून कॅफेकडे निघाले. विद्वानाला घरात कोण समजून घेतं?

या सगळ्या तापात एकच थंड जागा होती, ती म्हणजे शेजारची खुर्ची. तिथे नीलाबाई बसायच्या. नीलाबाई सरांच्या चौथीच्या मास्तरीण, कोसमटोल्याच्या शाळेत त्यांनी सरांना गुणाकार-भागाकार शिकवला. आता निवृत्त होऊन ब्रह्मपुरीत राहायच्या आणि हैदराबादच्या मुलाला ई-मेल पाठवायला म्हणून कॅफेत यायच्या. ई-मेल फार मोठे असावेत, कारण बाई बराच वेळ बसायच्या आणि लिहिताना ओठ घट्ट मिटून घ्यायच्या. सर रोज वाकून नमस्कार करायचे. बाई म्हणायच्या, "सुखी राह्य." मग दोघंही आपापल्या पडद्यात डोकं घालायचे. दुसऱ्याच्या पडद्यात डोकावणं हे दोघांच्याही संस्कारात बसत नव्हतं.

एकदा बाईंनी विचारलं, "काऊन रे भूपेश, हा रफार कसा काढते यात? माह्याच्यानं निंगतच नाई."

"सोपं आहे, बाई," म्हणत सरांनी खुर्ची ओढली. सूर्य, पूर्व, कार्य असे शब्द काढून दाखवले. दीर्घ उकार कुठला, ऱ्हस्व कुठला, तेही दाखवलं. कोणी आपलं लिहिलेलं बिघडवलं तर ते एका टिचकीत पूर्ववत कसं करायचं, हेही दाखवलं. बाईंनी विचारलं म्हणून. गुरूचं ऋण थोडं तरी फिटलं म्हणून सरांना त्या दिवशी फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पाणकोंबड्यानं लिहिलं होतं, 'मूर्ख माणसाने पुन्हा खोडसाळपणा केला.' दीर्घ मू, वर टोकदार रफार. सरांनी कपाळाला हात लावला. शत्रूचं शुद्धलेखनसुद्धा सुधारत चाललं होतं.

अशात 'तटस्थ' प्रकटला. तटस्थ हा त्या ज्ञानकोशाचा प्रचालक. म्हणजे बिनपगारी मॉनिटर म्हणा ना, कोणी भांडायला लागलं की त्यांना दटावायचा अधिकार असलेला. त्यानं आल्या आल्या लेखातला 'विशाल' शब्द काढला, 'निसर्गरम्य' काढला, 'ऐतिहासिक' काढला. 'ही विशेषणे आहेत, माहिती नव्हे,' असा शेरा मारला. उरलेल्या प्रत्येक वाक्यापुढे कंसात 'संदर्भ हवा' असं लिहिलं आणि भांडण असेल ते लेखाच्या चर्चा पानावर करा, असं फर्मान काढलं.

चर्चा पानावर मग असं सुरू झालं.

'पूर्वजांनी बांधला' यावर तटस्थनं विचारलं, 'कोणाच्या पूर्वजांनी?'

भूमिपुत्र: 'कोणाच्या म्हणजे? आमच्या.'

पाणकोंबडा: 'पूर्वज आम्हालाही होते.'

तटस्थ: 'पूर्वज दोन्ही पक्षांना होते, हे गृहीत धरू. छापील संदर्भ द्यावा.'

भूमिपुत्र: 'मी तिथे जन्मलो आहे.'

तटस्थ: 'आपला जन्म हा संदर्भ होत नाही.'

हे वाक्य वाचून सर त्या दिवशी जेवले नाहीत. (रात्री थोडा दहीभात खाल्ला, पण ते जेवण नव्हे.)

छापील संदर्भासाठी त्यांनी वाचनालयं पालथी घातली, रद्दीवाल्याकडे बसून जुनी साप्ताहिकं चाळली, शिंकून शिंकून नाक लाल केलं. तलावाचा छापील उल्लेख अखेर एकच सापडला. एका जुन्या साप्ताहिकात चार ओळींची बातमी होती, 'तलावात म्हैस बुडाली.' सरांनी निराश होऊन तेवढीच पाठवली. तटस्थला ती फार आवडली. बाकी सगळा लेख बाजूला सारून त्यानं वर घातलं, 'या तलावात एकदा एक म्हैस बुडाली.' पुढे रीतसर संदर्भ. म्हणजे साऱ्या जगाला त्या तलावाविषयी निर्विवाद असं जे काही माहीत झालं, ते एवढंच. त्यावरही पाणकोंबड्यानं तासाभरात विचारलं, 'म्हैस कोणत्या गावची होती?'

एका सकाळी डोमाभाऊ दारात उभा. अंगावर धूळ, डोळे लाल. पाणी प्यायच्या आधी त्यानं पिशवीतून दोन कागद काढून सरांपुढे आपटले.

"हे काय व्हय रे, भूपेश?"

एक कागद सरांनी पाठवलेला. दुसराही त्याच ज्ञानकोशातला, तसाच छापलेला, फक्त त्यात तलाव धामनपारचा होता.

"तो धामनपारच्या संस्थेनं आणला," डोमाभाऊ सांगू लागला. "मासोळी खात्याच्या मीटिंगले गेलो ना आमी, दोन्ही गावचे. दरसालची मीटिंग, सही केली का आपलं काम सुरू. पण आमच्या लच्छूनं आपला कागद दाखोला, का पाहा साहेब, कंप्युटर काय म्हंते. तर त्याहिनं त्याहिचा काढला. नवा साहेब हाय. दोन्ही कागद पाह्यले, चष्मा काढला, पुसला, परत पाह्यले. म्हणे, दोन्हीच्या खाली इंटरनेटचा पत्ता एकच हाय. मंग खरं कोणतं? म्हणे, हा हक्काचा वाद दिसून राह्यला. कंप्युटर जवापर्यंत एक काय ते सांगत नाई, तवापर्यंत कोणीच जाळं टाकाचं नाई."

"कोणीच नाही?"

"ना आमी, ना थे. पाणी रोज खाली जाऊन राह्यलं. मासोळ्या गाळात फडफडतेत, बगळे पोट फुटेपर्यंत खातेत, अन् आमी पाळीवर बसून पाह्यतो. दोन्ही गावची साठ घरं बसली हायेत, बापा. आजवर कोणी इचारलं नवतं तलाव कोणाचा म्हणून. कोण लेकाचा हाय तो, ज्यानं हे कंप्युटरात भरलं?"

सर भिंतीवरचं कॅलेंडर पाहू लागले. स्वातीनं पाण्याचा गडवा डोमाभाऊच्या हातात दिला आणि सरळ सांगितलं, "भाऊजी, तो लेकाचा तुमचाच भाऊ हाय."

डोमाभाऊ ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पाणी न पिताच गडवा खाली ठेवला, उठला आणि म्हणाला, "तू शिकला, नवकरीले लागला, मले आनंदच होता. पण आता जे लिवलं ते निस्तर. अन् लौकर निस्तर." जेवायलाही थांबला नाही.

सर तडक कॅफेत गेले. आता नावाचा हट्ट नाही, पाणकोंबड्याचे पाय धरायचे, दोन्ही गावांची नावं घालायची आणि साहेबाला नेऊन दाखवायचं, एवढंच डोक्यात. घाईघाईनं लेख उघडला, तर पडद्यावर लाल चौकट. तटस्थनं लेखाला कुलूप घातलं होतं. वर लिहिलं होतं: 'तपासाअंती असे आढळले की भूमिपुत्र व पाणकोंबडा ही दोन्ही खाती एकाच जागेवरून, एकाच वेळी चालतात. सबब ही एकच व्यक्ती असून ती दोन नावांनी स्वतःशीच भांडत आहे. ज्ञानकोशाचा वेळ वाया घालवल्याबद्दल दोन्ही खाती गोठवण्यात येत आहेत.'

सरांनी ते तीनदा वाचलं. मूर्ख म्हटलं ते सोसलं. जन्म नाकारला, तेही सोसलं. पण आपण आणि तो पाणकोंबडा एक?

"शक्य नाही!" ते ओरडले.

आणि त्याच क्षणी शेजारच्या खुर्चीवर नीलाबाईंनी टेबलावर हात आपटला. "अवो, हे काय लावलं यानं? मी अन् तो गाढव एक?"

कूलर घरघरत राहिला. सरांनी मान वळवली. बाईंनी मान वळवली. आजवर पाळलेले सगळे संस्कार सोडून दोघांनी एकमेकांच्या पडद्यात पाहिलं. दोन्हीकडे तीच लाल चौकट.

"बाई... तुम्ही?"

"भूपेश, तू?"

"तुम्ही मला मूर्ख लिहिलं, बाई!"

"तूच तं शिकवला तो रफार," बाई म्हणाल्या. पण आवाज पडलेला होता. किराणा दुकानातला भिंतीवरचा कागद वाचून त्यांना राहवलं नव्हतं. धामनपार त्यांचं गाव. बावीस वर्षं त्या तिथून पाळीवरून चालत कोसमटोल्याला शिकवायला आल्या, आणि त्याच शाळेचं गाव सगळा तलाव गिळून बसतं म्हणजे काय?

सरांना एकदम काहीतरी सुचलं. "डिंपल, तुला दोन्ही पडदे दिसत होते. तू काही बोलली नाही?"

डिंपलनं शेंगेचं टरफल टाकलं. "मले वाटलं तुमाले माहीत हाय. रोज आले का नमस्कार करता, मंग भांडता, मंग पुन्हा नमस्कार करून जाता. मी म्हटलं, शिकल्या-सवरल्या लोकायची रीत असन."

सरांनी मग बाईंना डोमाभाऊचं सगळं सांगितलं. बाईंनी आपली छापील प्रत ज्याच्याकडे पाठवली होती, त्या सख्ख्या पुतण्याचं घरही त्या साठांत होतं. बाई काही वेळ पदरानं चष्मा पुसत राहिल्या. मग अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "चाल. पाटी पुसून टाकू."

पाटी पुसायला आधी कुलूप उघडायला हवं, आणि कुलूप उघडायला आधी आपण दोन माणसं आहोत हे सिद्ध करायला हवं. सरांनी आपल्या खात्याच्या पानावरून (गोठलेल्या खात्याला तेवढीच मुभा होती) तटस्थला कळवलं, 'आम्ही दोन आहोत.' तटस्थनं उत्तर दिलं, 'हे वाक्य एक माणूसही लिहू शकतो.' बाईंनी कळवलं, 'मी स्त्री आहे.' तटस्थ म्हणाला, 'दावा नोंदवला. संदर्भ हवा.' बाई लालबुंद झाल्या. अखेर त्यानं उपाय सांगितला, की दोघांनी दोन वेगवेगळ्या गावांहून, एकाच वेळी आपापल्या पानावर लिहून दाखवावं.

स्वातीचं माहेर सावलीचं. ठरलं असं की बाईंनी स्वातीसोबत सावलीला जायचं, तिथल्या कॅफेतून लिहायचं आणि सरांनी ब्रह्मपुरीतून. वाक्य आधीच पक्कं केलं. सकाळी दोघी काळीपिवळी जीपमध्ये, तेंदूपानांच्या पोत्यांवर टेकून रवाना झाल्या.

आता त्या वर्षीच्या भारनियमनाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. ब्रह्मपुरीची वीज यायची तेव्हा सावलीची जायची आणि सावलीची यायची तेव्हा ब्रह्मपुरीची जायची. महावितरणनं हे वेळापत्रक कोणाचं तरी कोणाशी बोलणं होऊ नये म्हणूनच बनवलं असावं, असा सरांचा त्या दिवशी पक्का समज झाला. मोबाइलवर दिवसभर एकच संवाद.

"आली का?"

"गेली. तुमची?"

"आली होती, आता गेली."

नीलाबाई सावलीला स्वातीच्या आईच्या हातची आंबील पिऊन दोन झोपा काढून उठल्या. इकडे सर घामानं निथळत अंधाऱ्या पडद्यासमोर बसून राहिले, कारण उठलो आणि वीज आली तर? शेवटी उन्हं कलताना वेळापत्रकाची काहीतरी चूक झाली आणि दोन्हीकडे एकदम वीज आली. सरांनी धडाधड लिहिलं, 'हा तलाव कोसमटोला व धामनपार या दोन गावांच्या मध्ये आहे.' आणि सुटकेचा निःश्वास टाकून बाईंचं पान उघडलं.

बाईंनी लिहिलं होतं, 'हा तलाव धामनपार व कोसमटोला या दोन गावांच्या मध्ये आहे.'

सरांनी फोन लावला. "बाई, हे असं ठरलं नव्हतं!"

"मध्ये हाय असं ठरलं होतं. पह्यले कोणाचं नाव, ते कुठी ठरलं?"

"अहो, पण क हा ध च्या आधी येतो!"

"मले बाराखडी शिकवते का रे? म हा ध च्या मांगून येते, तुह्यं मेश्राम माह्या धामनपारच्या मांगंच राहीन!"

फोनवर भागेना म्हणून दोघांनी पानावर लिहायला सुरुवात केली. पाळ, पाणी, म्हैस, वस्ती, चौथीत सरांना भागाकारात पडलेला भोपळा, सगळं निघालं. इकडे डिंपल आणि तिकडे स्वाती हातांनी थांबा थांबा करत असताना तटस्थचा मजकूर येऊन धडकला: 'पुरे. खात्री पटली. कोणताही एक माणूस स्वतःशी इतका भांडू शकत नाही.'

त्यानं दोन्ही खाती मोकळी केली आणि ते वाक्य लेखात घातलं. गावांच्या नावांचा क्रम त्यानं स्वतःच नाणं उडवून ठरवला, तसं प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं. कोसमटोला पहिलं आलं, पण सरांना त्याचा आनंद दाखवायची सोय नव्हती. दुसऱ्या सकाळी सर आणि नीलाबाई तो छापील कागद घेऊन साहेबांपुढे एकाच बाकावर बसले. साहेबांनी कागद वाचला, चष्मा पुसला, परत वाचला आणि म्हणाले, "हे ठीक. आता कंप्युटर एकच बोलतो." त्याच दिवशी दोन्ही गावची जाळी पाण्यात पडली. थोडी मासोळी बगळ्यांनी नेली होती, पण बरीच उरली होती. डोमाभाऊनं सरांना निरोप पाठवला, त्यात शिवी नव्हती. सरांना तेवढं पुरलं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण तटस्थनं मागे ठेवलेला 'संदर्भ हवा' हा कंस त्या वाक्याच्या टोकाला अजून तसाच लटकत होता. सरांनी संतापून चर्चा पानावर लिहिलं, 'संदर्भ हवा तर या. दाखवतो.' आणि तो खरंच आला.

तटस्थ हा नाशिककडचा इंजिनिअर निघाला. नाव सुनील, वय कोवळं, पाठीला लॅपटॉपची बॅग, डोक्याला टोपीसुद्धा नाही. नागपुरात कोणाच्या तरी लग्नाला आला होता, तिथून थेट ब्रह्मपुरीला. सर आणि नीलाबाई त्याला घेऊन तलावावर पोचले तेव्हा पाळीवर दोन्ही गावं जमलेली होती. "कोण, तटस्थभाऊ का? या या." एकानं त्याचा उजवा कान धरला, दुसऱ्यानं डावा, आणि दोन्ही बाजूंनी पूर्वज सुरू झाले. "एकेकानं बोला!" तो ओरडत होता. एकेकजणच बोलत होता, पण सगळे एकाच वेळी.

मध्यान्हाला डोमाभाऊनं त्याची सुटका करून घरी नेलं. त्याच्या बायकोनं, मैनावहिनीनं, मरळाचा झणझणीत रस्सा केला होता. पोरगा भुकेला होता, नाकातोंडातून पाणी काढत मनापासून जेवला. पोटावर हात फिरवत तो उठतो, तोच दारात धामनपारची माणसं उभी.

"चाला, आमच्याइथी पान मांडलं हाय."

"नाही हो, आता पोट भरलं," तो म्हणाला.

दारातल्या माणसांचे चेहरे उतरले. "म्हणजे तुमी कोसमटोल्याचे झाले."

त्यानं मदतीसाठी सरांकडे पाहिलं. सर आपल्या चपला शोधू लागले. नीलाबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "जा लागते, बाबू. इथी जेवढं जेवला, तेवढंच तिथी. कमी नाई, जास्त नाई. तटस्थ हाओ म्हंतो ना तू?"

मे महिन्याच्या त्या उन्हात तो तलावाच्या कोरड्या पात्रातून धामनपारला गेला. तिथे पुन्हा भात, पुन्हा रस्सा, पुन्हा मरळ. कोसमटोल्यात किती तुकडे वाढले, याची खबर धामनपारला आधीच पोचलेली होती, त्यामुळे लबाडीला वाव नव्हता. शेवटचा तुकडा गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते तिखटाचं नव्हतं. मग दोन्ही गावांनी मिळून त्याला पाण्याच्या काठी मोहाच्या सावलीत खाटेवर आडवं केलं. सर ताडाच्या पंख्यानं वारा घालू लागले. बाईंनी कपाळावर ओला रुमाल ठेवला. गळ्यापर्यंत भरलेला तो पोरगा मिटल्या डोळ्यांनी म्हणाला, "सर, तो कंस मी काढतो. आजच काढतो. फक्त मला कोणीतरी बसपर्यंत सोडा."

सगळे कळवळून उठले. डोमाभाऊनं बॅग उचलली, धामनपारच्या सरपंचानं बूट उचलले. मग डोमाभाऊनं अगदी साध्या मनानं विचारलं, "पण गाडी कोणत्या फाट्यावरून धरता, साहेब? आमच्या, का त्याहिच्या?"

सुनीलनं डोळे उघडले. डोमाभाऊकडे पाहिलं, सरपंचाकडे पाहिलं, मग पाळीवर श्वास रोखून उभ्या असलेल्या दोन्ही गावांकडे पाहिलं. डोमाभाऊकडून बॅग घेतली, सरपंचाकडून बूट घेतले, सगळ्यांना एकदाच हात जोडले, आणि एवढ्या उन्हात, एवढं पोट घेऊन, शेतांच्या धुऱ्याधुऱ्यानं, बांधाबांधानं तो तिसऱ्याच गावाकडे चालू लागला.